पाणी ओलांडणारी माशी

बसायचंच असेल तर अलिबागच्या किनाऱ्यावर सुकती लागल्यावर बसावं. पाणी किल्ल्याच्या अंगाने मागे सरकू लागतं. ओल्या वाळूत आधी घोडागाड्या उतरतात, मग चपला हातात घेतलेली माणसं. थोड्याच वेळात ती कुलाबा किल्ल्याच्या दाराशी पोचलेली दिसतात. काही तासांनी तिथेच गळाभर पाणी असतं आणि किल्ल्यावर रेंगाळलेल्यांना होडीची वाट बघावी लागते.

शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये हा किल्ला बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला, पुढे आंग्र्यांनी इथून आरमार हाकलं. ते सगळं आज बाजूला ठेवा. एवढंच धरून ठेवा की समोरची जागा दिवसातून दोनदा बेट होते आणि दोनदा नाही. ती कोणासाठी बेट होते, या एका प्रश्नाशी थोडा वेळ बसायचं आहे. घाई नाही. भरतीला अजून वेळ आहे.

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे वाळू संपून माती सुरू होते, तिथे एकदांडीची पिवळी-पांढरी फुलं असतात. कोणी लावत नाही, कोणी उपटत नाही. त्यातल्या एकावर नजर ठेवा आणि हलू नका. बहुधा मिनिटाभरात एक माशी येईल. येईल आणि फुलावर बसणार नाही. फुलासमोर वीतभर अंतरावर हवेत टांगल्यासारखी थांबेल. वारा आला तरी जागची हलणार नाही. मग एकदम बाजूला सरकेल, पुन्हा थांबेल.

पोटावर काळे-पिवळे पट्टे आहेत. गांधीलमाशीचं सोंग आहे ते, पण नांगी नाही. पंख मोजा. गांधीलमाशीला चार असतात, हिला दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी टोकाला गाठ असलेले दोन बारीक दांडे उरलेत. उडताना ते पंखांबरोबर फडफडतात आणि अंग कुठे कललं ते माशीला कळवतात. हवेत स्थिर राहण्याची सगळी कसरत त्या दोन दांड्यांच्या भरवशावर चालते. आणखी जवळ जाता आलं तर डोळे बघा. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असले तर नर, मधे पट्टी असली तर मादी. एवढ्या गोष्टीसाठी भिंग लागत नाही, धीर लागतो.

शेतीखात्याच्या पत्रकांत हिला सिरफिड माशी म्हणतात आणि मित्रकीटकांच्या यादीत टाकतात. जगात हिच्या सहा हजारांवर जाती आहेत. आपल्याकडच्या जातींची पहिली मोठी नोंद एनरिको ब्रुनेटी याने ‘फौना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतल्या १९२३च्या खंडात केली. हा गृहस्थ पेशाने संगीतकार. माश्यांच्या अभ्यासाला कान तयार असलेला माणूस मिळाला, हे मला आजही शोभेसं वाटतं.

माशी दिसली. आता तिचं बालपण बघायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर रायगडात वाल होतो. पोपटीच्या दिवसांत कुठल्याही वालाच्या शेतात जा आणि कोवळा शेंडा उलटा करा. मावा लागलेला असेल, काळा, चिकट, एकमेकांना खेटून. त्या गर्दीत एखादी हिरवट-पांढरी, पाय नसलेली, पाण्यासारखी अळी सापडेल. ती चालत नाही, ओघळते. पुढचं टोक आंधळ्याने काठी फिरवावी तसं डावीकडे-उजवीकडे हलतं. माव्याला लागलं की त्याला धरतं, पानापासून उचलतं, आत असेल नसेल ते शोषून घेतं आणि रिकामं कातडं टाकून देतं. अशी एक अळी वाढ पुरी होईपर्यंत दोन-तीनशे मावे सहज संपवते. मग कोष, आणि आठवड्याभरात माशी. अंड्यापासून माशीपर्यंतचा फेरा उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत आटोपतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. मावा एका जागी टिकत नाही. आज या शेतात आहे, पंधरवड्याने कोंब जून झाले की संपला. जिच्या पोरांचं अन्न असं फिरस्तं, तिला स्वतः फिरस्ती व्हावंच लागतं. मादी अंडी घालायला मावा हुडकत हिंडते. कुठल्या बांधावर जन्मली याच्याशी तिला देणंघेणं नाही.

सगळ्या सिरफिड माश्या अशा नसतात. काहींच्या अळ्या खाजणातल्या, गटारातल्या सडक्या पाण्यात वाढतात. शेपटाकडची लांब नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून श्वास घेतात. काहींच्या अळ्या जमिनीखाली कंदांत राहतात, कांद्यात, आल्यात. कंद एका जागी असतो, वर्षानुवर्षं. तिथल्या माशीला दूर जायचं कारणच पडत नाही. हे दोन स्वभाव मनात शेजारी शेजारी ठेवा: माव्यामागे हिंडणारी आणि कंदाला चिकटलेली.

आता डोळे मिटले तरी चालतील.

प्रत्येक माशीच्या पेशीत आईबापांकडून आलेला मजकूर असतो. एकाच जातीच्या दोन माश्यांचा मजकूर जवळजवळ सारखा, पण अक्षर न् अक्षर सारखा नसतो. कुठे एखादं अक्षर बदललेलं, कुठे गळलेलं. साऱ्या माश्यांमध्ये मिळून असे जितके पर्याय हिंडत असतात, तितकं त्या जातीचं जनुकीय वैविध्य. ते डोळ्यांना दिसत नाही. हवामान फिरलं, नवा रोग आला, नवं औषध फवारलं गेलं, की तेव्हा कळतं शिल्लक किती होती.

मिसळीच्या कडधान्याचं एक पोतं कल्पा. मटकी भरपूर, मूग बराच, वाटाणा थोडा, आणि चवळीचे दाणे अगदी तुरळक. डोळे मिटून एक मूठ काढा आणि तेवढीच मूठ पेरा. चवळी त्या मुठीत आली नसेल तर पुढच्या पिकात ती कधीच येणार नाही. कोणी तिला नाकारलं नाही. ती वाईट होती असंही नाही. मूठ लहान होती, एवढंच. पुढच्या वर्षी त्याच पिकातून पुन्हा मूठ काढा, पेरा. काही वर्षांनी निव्वळ मटकी उरेल, किंवा निव्वळ मूग. शेजारच्या गावात दुसऱ्याने तशीच मूठ काढली असेल तर त्याच्याकडे कदाचित उलटं होईल.

बेटांवर होतं ते हे. वादळात, होडीत, लाकडाच्या ओंडक्यावर चार-दोन जीव पोचतात, तीच पहिली मूठ. बेट लहान म्हणून पुढच्याही सगळ्या मुठी लहान. वैविध्य पिढीगणिक गळत जातं आणि मुख्य भूमीवरच्या आपल्याच भाईबंदांपासून बेटावरची वस्ती हळूहळू वेगळी पडते. भरीला निवडही असते. डार्विनने १८५९च्या ग्रंथात मदेरा बेटावरच्या भुंगेऱ्यांचा दाखला दिला आहे: तिथल्या सुमारे साडेपाचशे जातींपैकी दोनशेंच्या आसपास जातींचे पंख इतके खुजे की त्यांना उडताच येत नाही. जे उंच उडत ते वाऱ्याने समुद्रात जात, जे जमिनीला चिकटून राहत ते उरत, असा त्याचा तर्क.

इथवर सगळं शाळेतल्या धड्यासारखं सरळ आहे. थोडं थांबा, आता ते बिघडणार आहे.

१९३१मध्ये स्युअल राइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक दीर्घ लेख लिहिला. त्यातल्या गणितातून पुढे जो ढोबळ नियम रुजला तो पहिल्यांदा वाचताना खोटा वाटतो. दोन वस्त्यांना निव्वळ योगायोगाने एकमेकींपासून फार दूर जाऊ द्यायचं नसेल तर दर पिढीला किती पाहुणे यावे लागतात? साधारण एक. वस्ती शंभराची असो की लाखाची, एकच. मन लगेच तक्रार करतं: लाखात एक म्हणजे काय, खिजगणतीतही नाही. पण नीट बघा. वस्ती लाखाची असेल तर मूठ मोठी, मजकूर इतका सावकाश गळतो की एक पाहुणा ती गळती भरून काढतो. वस्ती शंभराची असेल तर गळती वेगाने होते, पण तिथे एक पाहुणा हा शंभरावा हिस्सा आहे, त्याचं वजन मोठं. दोन्हीकडे हिशेब एकाच आकड्याशी येऊन थांबतो. अट एवढीच की पाहुण्याने नुसतं येऊन भागत नाही, त्याचा संसार व्हायला हवा.

या गणिताचे मूळ पुरुष तिघे, राइट, फिशर आणि हाल्डेन. त्यातले हाल्डेन १९५७मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले.

एक पाहुणा. हा आकडा घेऊन आता डोळे उघडा आणि थळच्या दिशेने बघा. थळसमोर उंदेरी, तिच्या पलीकडे खांदेरी, किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर. वेताळाचं देऊळ, दीपगृह आणि तटबंदी असलेलं हे बेट २०२५मध्ये मराठ्यांच्या लष्करी वारशाच्या यादीतून युनेस्कोत गेलं. सिरफिड माशी संथ उडाली तरी सेकंदाला दोन-तीन मीटर जाते. म्हणजे थळ ते खांदेरी हे तिचं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. त्यात वारा धरा. रात्री जमीन निवते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात; हिवाळ्यात ते सकाळी उन्हं चढेपर्यंत रेंगाळतात. त्या वेळी वालाच्या शेतातून जरा उंच उठलेली माशी न ठरवताही खांदेरीच्या बाजूला ढकलली जाईल. दुपारी खारे वारे सुरू झाले की परतीची सोय. दर पिढीला एक पाहुणा हवा होता; इथे दर सकाळी कितीतरी येत असतील.

मग तिच्यासाठी खांदेरी हे बेट आहे का?

या प्रश्नावर थोडं बसा, उत्तर लगेच देऊ नका. जंजिऱ्याचं उदाहरण घ्या. राजपुरीच्या खाडीतला हा किल्ला शिवाजी महाराजांना मिळाला नाही. संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास दगड टाकून किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत सेतू बांधायला घेतला, तोही पुरा झाला नाही. तोफा, माणसं, दगड यांच्यासाठी ती खाडी अखेरपर्यंत खाडीच राहिली. तटावरच्या गवतात उगवलेल्या एकदांडीपर्यंत पोचायला माशीला सेतू लागत नाही. पाणी तेवढंच, खोली तेवढीच.

अंतराबरोबर काळही असतो. म्हणून आता समुद्र मागे ढकलायचा आहे, मनातल्या मनात. किल्ल्याच्या मागे, क्षितिजाच्या मागे, आणखी मागे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत मुंबई हाय आहे, जिथे १९७४मध्ये तेल सापडलं आणि जिथलं तेल-वायू समुद्रतळावरच्या नळांतून आपल्या उरणला येतं. तिथे समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. म्हणजे आज जिथे तेलाचे फलाट उभे आहेत ती जागा तेव्हा कोरडी होती. किनारा तिच्याही पलीकडे. खांदेरी, उंदेरी, कुलाबा, कासा, जंजिरा, घारापुरी, ही सगळी नावं त्या रुंद मैदानातल्या टेकड्यांची आणि खडकांची. जनावरं पायी फिरत होती तिथे.

मग बर्फ वितळलं, पाणी चढत आलं, आणि साधारण सात हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्या पातळीजवळ येऊन टेकला. आपल्या हिशेबाने सात हजार वर्षं म्हणजे पंचवीस वर्षांची एक अशा २८० पिढ्या. माशीच्या वर्षाला दहा पिढ्या धरल्या तर सत्तर हजार. तुटून पडली असती तर वेगळी व्हायला तिला वेळ कमी पडला नसता. ती तुटली का, हाच प्रश्न.

याची एक बाजू युरोपात नीट पाहिली गेली आहे. तिथली माव्यावर वाढणारी एक अगदी साधी सिरफिड माशी, एपिसिर्फस बाल्टिएटस, हिवाळ्याआधी उत्तरेकडून दक्षिणेला जाते. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडच्या दक्षिणेवर रोखलेल्या रडारवरून मोजदाद झाली: एक ते चार अब्ज सिरफिड माश्या दरवर्षी तिथून ये-जा करतात. इंग्लंड बेटावरच आहे, मधे इंग्लिश खाडी आहे, आणि या माश्यांच्या लेखी ती वाटेतली एक ओली पट्टी आहे. युरोपच्या वेगवेगळ्या भागांतून जमवलेल्या याच जातीच्या माश्यांची जनुकं तपासली तेव्हा प्रदेशाप्रदेशांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. अख्खा खंड एकच पोतं. अशा स्थलांतर करणाऱ्या सिरफिड माश्या दिशा सूर्यावरून धरतात, आणि दिवस सरताना सूर्य सरकतो त्याचा हिशेबही ठेवतात. अलिबागला १९०४पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तिथल्या कुलाब्याहून ती इथे हलवावी लागली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अभ्यासासाठी माणसांनी निवडलेल्या गावावरून एखादी माशी सूर्य बघत निवांत जात असेल, हे मला गमतीचं वाटतं.

दुसरी बाजू मेरोडॉन या कुळीची. हिच्या अळ्या कंदांत वाढतात. भूमध्य समुद्राच्या पूर्वेला, ग्रीसच्या बेटांवर आणि बाल्कनच्या डोंगरांत, या माश्यांची दाटी आहे. सर्बियातल्या नोवी साद विद्यापीठाचे आन्ते वुयिच आणि त्यांचे सहकारी, तसंच ग्रीसच्या लेस्वोस बेटावरचे अभ्यासक गेली कित्येक वर्षं त्या तपासत आहेत. पूर्वी एकच समजलेली जात जनुकांच्या आणि पंखांच्या आकाराच्या बारीक मापांवरून अनेक जातींत फुटते, असं तिथे पुनःपुन्हा झालंय. एकेक बेट, एकेका डोंगराचा पट्टा, आणि त्याची आपली माशी. समुद्र तोच, घराणं तेच, उडायचे पंखही तेच दोन. फरक अळीच्या जेवणाचा.

म्हणजे नकाशा पुरेसा नाही. निळ्या रंगात हिरवा ठिपका दिसला की आपण बेट म्हणतो, पण तो ठिपका बेट ठरतो की नाही हे ओलांडणाऱ्याच्या पंखांवर आणि त्याहून जास्त त्याच्या गरजेवर ठरतं. माव्यामागे हिंडणारीला खांदेरी हे थळचंच एक शेत. कंदाला चिकटलेलीला मधली नांगरट किंवा एखादं जंगल संपणं हादेखील समुद्र होऊ शकतो.

खात्री करायची असेल तर आता समुद्राकडे पाठ करा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत दिसते, हिवाळ्यात धुरकट. तिथे पाण्याचा थेंब मधे न येता बेटं झालेली आहेत. दगडांच्या कपारीत राहणाऱ्या नेमास्पिस या छोट्या पाली घ्या. कोल्हापूरकडची एक जात २००९मध्ये नोंदली गेली, साताऱ्याच्या कास पठारावरची दुसरी २०१४मध्ये, पालींचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावाने. अशा कित्येक जाती मोजक्याच डोंगरांपुरत्या असतात. या पालीला सावलीतला ओला खडक हवा. मधलं तापलेलं माळरान ती ओलांडत नाही. तिच्यासाठी ते माळरान जंजिऱ्याच्या खाडीहून रुंद आहे.

आणि रायगडच्या याच किनाऱ्यावर आणखी एक बेट झालं, माणसांचं.

अलिबागपासून उत्तरेला नवगाव आहे. बेने इस्रायली या ज्यू समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. वाचलेले या किनाऱ्याच्या गावांत पसरले. तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हटले जाऊ लागले. मराठी हीच त्यांची मायबोली झाली. आडनावं गावांवरून पडली: रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनगॉग आजही उभं आहे. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे अजून पुरणपोळी होते आणि मराठी नियतकालिकही काढलं गेलं.

२०१६मध्ये या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा बेने इस्रायली व्यक्तींची जनुकं इतर ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समाजांच्या जनुकांशी ताडून पाहिली गेली. निष्कर्ष असे: या समाजात ज्यू वंशाचा आणि भारतीय वंशाचा, दोन्ही वाटे भरघोस आहेत, ही सरमिसळ एकोणीस ते तेहतीस पिढ्यांपूर्वीची, म्हणजे ढोबळमानाने साडेसहाशे ते हजारेक वर्षांपूर्वीची, ज्यू वाटा आयांपेक्षा बापांच्या बाजूने अधिक, आणि त्यानंतर समाज लहान राहून आपसांतच लग्नं करत आला.

यात सात जोडप्यांची गोष्ट सिद्ध होत नाही, कोणी तसं सांगितलं तर मान डोलावू नका. पण मूठ लहान होती, एवढं जनुकंही सांगतात. आणि इथे माझं मन दरवेळी अडखळतं. ही माणसं बेटावर नव्हती. अलिबाग, चौल, पेण, रोहा, सगळी रस्त्याने जोडलेली. शेजारी आगरी, कोळी, भंडारी. विहीर जवळ, बाजार एक, बोली एक. सुरुवातीला सोयरीक झाली, मग दार लागलं. त्यांच्याभोवतीचं पाणी शनिवारचं आणि सोयरिकीचं होतं. शेजाऱ्यांच्याही भोवती तसलंच होतं, प्रत्येक जातीचं आपापलं. बेने इस्रायलींना वेगळं काढून बघणं सोपं जातं म्हणून त्यांचं नाव आधी येतं, इतकंच. भारतातल्या कित्येक समाजांच्या जनुकांत शेकडो वर्षं आत-आतच लग्नं केल्याची खूण अशीच ठळक आहे. एकाच गावात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर इतकी बेटं. माशीला हे समजावून सांगता येणार नाही.

इथे थोडा वेळ काही न म्हणता बसलात तरी हरकत नाही. मग शेवटचा भाग, आणि तो हातांचा आहे.

मनातल्या मनात नमुने गोळा करायला निघा. एकाच आठवड्यात, हिवाळ्यात, वाल फुलावर असताना. छोट्या बाटल्या, आत मद्यार्क, प्रत्येकीवर पेन्सिलीने जागा आणि तारीख. शाई मद्यार्कात उतरते, पेन्सिल नाही. पहिल्या बाटल्या चौलच्या वाड्यांतून भरा. पुढच्या थळहून, मग खांदेरीवरून. घारापुरीला शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तिन्ही गावांतून. शेवटच्या कर्नाळ्याच्या जंगलातून. माशीचा एक पाय पुरतो, त्यातून जनुकाचा साडेसहाशे अक्षरांच्या आसपासचा एक ठरलेला तुकडा वाचतात आणि बाटलीबाटलीतले तुकडे एकमेकांखाली मांडतात.

माव्यावर वाढणाऱ्यांवर माझी पैज ठरलेली आहे. चौलची, खांदेरीची आणि घारापुरीची माशी तुम्ही चिठ्ठ्या काढून मिसळल्यात तर जनुकांवरून पुन्हा वेगळी करता येणार नाही. खाजणातल्यांवर मी कमी पैसे लावीन. धरमतरच्या खाडीपासून कुंडलिकेच्या मुखापर्यंतची खाजणं भराव टाकून तुटत चालली आहेत. कांद्याच्या कंदात वाढणारी, युमेरस या कुळीतली, हिच्यावर मात्र पैज लावताना जपून. स्वभावाने ती घरकोंबडी, तेव्हा घारापुरीची युमेरस अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या शेतातल्या युमेरसहून वेगळी निघावी असं वाटतं. कागदावर बरोबर आहे.

पण कंदातल्या माश्यांचा मागचा शंभर-दीडशे वर्षांचा प्रवास बघा. नरगिसाच्या कंदांत राहणारी मेरोडॉनची एक जात, आपल्या पंखांच्या भरवशावर बेटाबेटावर वेगळ्या पडणाऱ्या घराण्यातली, कंदांच्या पेट्यांतून अळीच्या रूपात उत्तर अमेरिकेत आणि न्यूझीलंडला पोचली. युमेरसच्या काही जातीही तशाच व्यापाऱ्यांच्या मालातून जगभर गेल्या. जिला खाडी ओलांडायची गरज नव्हती तिला माणसाने महासागर ओलांडून दिला. घारापुरीवर लेणी बघायला येणाऱ्यांसाठी रोज भजी तळली जातात. त्यांचा कांदा बेटावर पिकत नाही, तो लाँचमधून पोत्याने येतो, कधी मुंबईच्या बाजाराचा, कधी उरणचा. पोत्यात दोन-चार कांदे आतून मऊ लागलेले असतातच, आणि ते मागच्या अंगणात फेकले जातात.

म्हणून घारापुरीच्या बाटल्यांवर जागा आणि तारखेखाली आणखी एक ओळ लिहून ठेवा: जवळच्या हॉटेलात कांदा कुठून येतो.